वाटा अनेक, टायर एक
(खडबडीत वाटांवरील मोटारसायकलसाठी टायरची निवड)

मोटारसायकल आणि तिच्यावर बसलेला मनुष्य यांचे एकत्र वजन दोन क्विंटलांच्या घरात जाते. हा सारा भार जमिनीला ज्या जागी टेकतो ती जागा मात्र प्रत्येक चाकाखाली जेमतेम एका तळहाताएवढी असते. गाडीचा वेग वाढविणे, ब्रेक लावणे, वळण घेणे, चढ चढणे या सर्व क्रिया अखेर या दोन तळहातांएवढ्या जागेतूनच जमिनीपर्यंत पोहोचतात. इंजिन कितीही जोरकस असो आणि चालक कितीही कुशल असो, त्या जागेत पकड नसेल तर दोघांचेही सामर्थ्य वाया जाते.

डांबरी रस्त्यावर या गोष्टीची जाणीव फारशी होत नाही. तेथील पृष्ठभाग मैलोगणती एकसारखा असतो आणि त्याला अनुरूप असा टायर कारखान्यातूनच गाडीला बसवलेला असतो. परंतु डांबर सोडून गाडी रानवाटेला लागली की परिस्थिती पालटते. एकाच दिवसाच्या प्रवासात कोरडी कठीण जमीन, सुटी खडी, नदीतील गोटे, चिखल, वाळू आणि मधूनमधून पुन्हा डांबर असे सर्व प्रकार भेटतात. यांपैकी प्रत्येक पृष्ठभाग टायरकडून निराळी अपेक्षा करतो आणि या अपेक्षा पुष्कळदा परस्परविरोधी असतात. अशा मिश्र वाटेसाठी टायर कसा निवडावा, हा प्रश्न वरवर बाजारातील खरेदीचा वाटला तरी त्याच्या मुळाशी घर्षण, दाब आणि मातीची बळकटी यांविषयीचे शास्त्र आहे. ते समजून घेतले म्हणजे निवड सोपी होते, आणि चुकीच्या निवडीची किंमत किती मोठी असू शकते हेही कळते.

रबर जमिनीला कसे धरते

दोन पदार्थ एकमेकांवर घासले जात असता होणाऱ्या घर्षणाचे साधे नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों याने १६९९ साली मांडले. घर्षण हे भाराच्या प्रमाणात वाढते आणि स्पर्शाच्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते, असे या नियमांचे सार आहे. लाकूड, दगड, धातू यांच्या बाबतीत हे नियम बऱ्याच अंशी खरे ठरतात. रबर मात्र त्यांना जुमानत नाही. ते लवचीक असल्यामुळे खालच्या पृष्ठभागावरील बारीक उंचवट्यांभोवती लपेटले जाते आणि जितकी अधिक जागा त्याला मिळेल तितकी त्याची पकड सामान्यतः वाढते.

रबराच्या घर्षणाला दोन गोष्टी कारणीभूत होतात. पहिली म्हणजे पृष्ठभागाला प्रत्यक्ष चिकटण्याची त्याची प्रवृत्ती. कोरड्या, स्वच्छ काचेवर खोडरबर ओढून पाहावे. ते अडखळत सरकते. काच ओली केली की तेच खोडरबर सुळकन निसटते, कारण पाण्याच्या पातळ थरामुळे हा प्रत्यक्ष स्पर्श तुटतो. दुसरी गोष्ट म्हणजे रबराचे आकार बदलणे. टोकदार खड्यावरून सरकताना रबर दबते आणि पुन्हा पूर्वपदावर येते. पण दबताना खर्च झालेली सर्व शक्ती ते परत करीत नाही, तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने जिरतो. ही जिरलेली शक्तीच घर्षणाच्या रूपाने आपल्याला उपयोगी पडते. ओल्या पण खरबरीत दगडावर टायर टिकून राहतो तो मुख्यतः या दुसऱ्या कारणामुळे.

मूळचे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होणारे होते. त्यात गंधक मिसळून तापविल्यास त्याला स्थिर लवचीकपणा येतो, असे अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली आढळून आले. हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये नोंदविली होती. ती विस्मृतीत गेली, आणि १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने तिचा नव्याने शोध लावल्यावर ती जगभर पसरली. आजच्या टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर, कृत्रिम रबर, काजळीची भुकटी आणि इतर अनेक द्रव्ये असतात. त्यांचे प्रमाण बदलून कारखानदार टायरचा मऊपणा, झिजण्याचा वेग आणि फाटण्यास होणारा विरोध हे गुण कमीअधिक करतात. मात्र एक गुण वाढविला की दुसरा घटतो. मऊ रबर चांगले धरते पण लवकर झिजते; कठीण रबर दीर्घकाळ टिकते पण ओल्या दगडावर घसरते.

माती कशी तुटते

आतापर्यंत आपण असे गृहीत धरले की जमीन कठीण आहे आणि ती जागची हलत नाही. मऊ जमिनीत ही गोष्ट खरी नसते. तेथे टायर घसरतो याचा अर्थ बहुधा असा असतो की टायरने धरलेला मातीचा थरच खालच्या मातीपासून तुटून मागे गेला. म्हणून मऊ जमिनीवरील पकड ही केवळ रबरावर अवलंबून नसते. मातीच्या अंगच्या बळकटीने तिची मर्यादा ठरते.

या बळकटीचा नियम शार्ल कुलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने शोधून काढला. विद्युत्‌भारांविषयीच्या नियमामुळे त्याचे नाव विद्यार्थ्यांना परिचित असते. त्याच्या आधी त्याने मार्टिनीक बेटावर किल्ल्याचे बांधकाम पाहिले होते, आणि मातीच्या दाबाविषयीचा आपला निबंध १७७३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला होता. मातीची बळकटी दोन वेगळ्या गोष्टींची मिळून होते, असे त्यातून निघते. एक म्हणजे कणाकणांमधील चिकटपणा, आणि दुसरी म्हणजे कणांचे एकमेकांवर होणारे घर्षण. चिकटपणापासून मिळणारे बळ तुटणाऱ्या पृष्ठाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते. घर्षणापासून मिळणारे बळ वरील भाराबरोबर वाढते.

हा भेद एका साध्या प्रयोगाने ध्यानात येईल. कोरडी वाळू मुठीत आवळून मूठ उघडावी. वाळू ओघळून जाते, तिचा गोळा होत नाही. तिच्यात चिकटपणा नाही, केवळ घर्षण आहे. हीच कृती ओलसर चिकणमातीने केल्यास बोटांचे ठसे उमटलेला घट्ट गोळा हाती येतो. येथे चिकटपणाचे प्राबल्य आहे. शेताच्या किंवा जंगलाच्या साध्या जमिनीत दोन्ही गुण कमीअधिक प्रमाणात एकत्र नांदतात.

याचे परिणाम टायरच्या रचनेवर थेट होतात. चिकण जमिनीत अधिकाधिक माती कवेत घ्यावयाची असेल तर टायरवरील ठोकळे उंच हवेत. ते जमिनीत खोल शिरून मातीचा मोठा तुकडा धरतात आणि तो तुकडा तोडण्यास अधिक जोर लागतो. कोरड्या वाळूत मात्र निव्वळ खोल शिरून लाभ नाही. तेथे चाक जितके रुतेल तितकी समोरची वाळू लोटण्यात शक्ती खर्च होते. आणि चालकाने घाबरून इंजिनाचा जोर वाढविला तर मागचे चाक स्वतःसाठी खड्डा खणते. वाळूत भार मोठ्या क्षेत्रफळावर पसरविणे हाच मार्ग. उंटाचे रुंद, पसरणारे पाऊल हेच काम करते.

कठीण आणि मऊ यांतील विरोधाभास

खडबडीत वाटांसाठी बनविलेल्या टायरांना आपल्याकडे बोलीत ‘बटण टायर’ म्हणतात. त्यांच्या पृष्ठावर सलग नक्षीऐवजी रबराचे सुटे ठोकळे उभे असतात. मोटारसायकलींच्या रानवाटेवरील शर्यतीसाठी हे टायर विशेष प्रमाणात वापरले जातात. या खेळाचा उगम १९२४ साली इंग्लंडमधील कँबर्ले येथे झालेल्या शर्यतीपर्यंत मागे नेता येतो. या टायरांचे सामान्यतः तीन वर्ग करण्यात येतात.

पहिला वर्ग मऊ जमिनीसाठी. यातील ठोकळे उंच असून एकमेकांपासून दूर असतात. ठोकळ्यांमधील मोकळी जागा रिकामी नसते. ते तिचे कामच आहे. चाक फिरताना तिच्यात शिरलेला चिखल बाहेर फेकला जावा म्हणून ती राखलेली असते. ठोकळे जवळजवळ असतील तर दख्खनच्या काळ्या मातीसारखा चिवट चिखल त्यांच्यामध्ये गच्च बसतो आणि काही क्षणांत टायर गुळगुळीत होऊन जातो. मग त्याची किंमत कितीही असो, तो चिखलाचा एक गोल गोळाच काय तो उरतो.

दुसरा वर्ग कठीण जमिनीसाठी. यातील ठोकळे ठेंगणे, रुंद आणि दाट असतात. कठीण जमिनीत ते शिरू शकत नाहीत. तेव्हा जितके अधिक रबर जमिनीला लागेल तितके चांगले.

तिसरा वर्ग या दोहोंच्या मधला. ठोकळ्यांची उंची मध्यम, अंतर मध्यम आणि रबरही मध्यम. मिश्र वाटांसाठी बहुधा हाच वर्ग सुचविला जातो.

येथे एक गोष्ट नवख्या वाचकास चमत्कारिक वाटेल. मऊ जमिनीसाठीच्या टायरचे रबर पुष्कळदा कठीण असते, आणि कठीण जमिनीसाठीच्या टायरचे रबर मऊ असते. हे उलटे का? उत्तर सोपे आहे. मऊ जमिनीत रबराला जमिनीत रुतावयाचे असते. त्यासाठी ठोकळा न वाकता कुदळीप्रमाणे ताठ उभा राहिला पाहिजे. कठीण जमिनीत उलट जमिनीलाच रबरात रुतावयाचे असते. दगडाचे प्रत्येक टोक रबरात शिरले तरच पकड मिळते, म्हणून रबर मऊ हवे. कोण कोणात रुतणार, हा एकच प्रश्न विचारला तरी टायरच्या रचनेतील निम्मी कोडी उलगडतात.

याच विचारातून मऊ जमिनीच्या टायरचा डांबरावरील धोका स्पष्ट होतो. डांबरात ठोकळे रुतू शकत नाहीत. जमिनीला लागतो तो केवळ त्यांचा माथा, आणि ठोकळ्यांमधील जागा अधांतरी राहते. शिवाय वळणावर गाडी कलली म्हणजे उंच ठोकळे मुळापासून वाकतात आणि चालकाला गाडी डुलत असल्याचा भास होतो. पावसात भिजलेल्या डांबरावर अचानक ब्रेक लावण्याचा प्रसंग आला तर गाडी थांबण्यास लागणारे अंतर वाढते. चिखलात जो टायर चालकाला तारतो तोच रस्त्यावर त्याला दगा देऊ शकतो. मिश्र वाटेचा प्रश्न अवघड होतो तो येथेच.

हवेचा दाब : दुसरा टायर

एकाच टायरपासून दोन निरनिराळे टायर बनविण्याची एक युक्ती प्रत्येक चालकाच्या हाती आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. ती म्हणजे हवेचा दाब बदलणे.

समजा, मागच्या चाकावर १०० किलोग्रॅम भार आहे. पंपावर ‘अठ्ठावीस’ म्हणून सांगतात तो दाब म्हणजे दर चौरस इंचाला २८ पौंड. आपल्या मापात तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.९७ किलोग्रॅम होतो. टायरच्या अंगचा ताठरपणा हिशेबात घेतला नाही, तर १०० किलोग्रॅम पेलण्यासाठी सुमारे ५१ चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकली पाहिजे. दाब निम्मा, म्हणजे १४ पौंड केला की तीच जागा सुमारे १०२ चौरस सेंटिमीटर होते. प्रत्यक्षात टायरचा सांगाडा काही भार स्वतः उचलतो, त्यामुळे फरक इतका मोठा पडत नाही. पण त्याची दिशा हीच असते. हवा कमी केली की स्पर्शाची जागा लांबते, टायर दगडांभोवती लपेटला जातो आणि वाळूत कमी रुततो.

मग हवा अगदीच कमी का ठेवू नये? कारण हवा हीच टायरची ढाल आहे. दाब फार कमी असेल आणि चाक वेगाने दगडावर आदळले, तर टायर पूर्ण दबून दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली जाते व तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. रिमही वाकते. शिवाय जोर लावताना टायर रिमवर फिरू लागतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटला जातो. असे होऊ नये म्हणून रानवाटेच्या गाड्यांत रिमला टायर आवळून धरणारी कळ बसवितात. तिला रिम लॉक असे म्हणतात. डांबरी रस्त्यावर कमी दाबाने वेगात गेल्यास टायर पुन्हापुन्हा दबून तापतो, आणि तापलेला टायर लवकर निकामी होतो.

ट्यूब असलेल्या शर्यतीच्या हलक्या गाडीत साधारणपणे १२ ते १५ पौंड दाब ठेवतात. सामान लादलेल्या प्रवासी गाडीला इतका कमी दाब चालणार नाही. तिला डांबरावर कारखान्याने सांगितलेला दाब ठेवावा, खडीची वाट लागताच तो काही पौंडांनी उतरवावा आणि पुन्हा डांबर लागताच भरावा. म्हणून हातपंप आणि दाबमापक ही दोन साधने प्रवासात सोबत हवीतच. अंगठ्याने टायर दाबून दाबाचा अंदाज करण्याची सवय भरवशाची नव्हे.

एक प्रत्यक्ष वाट : मनाली ते काझा

आता हे सर्व तत्त्वज्ञान एका खऱ्या वाटेवर लावून पाहू. हिमाचल प्रदेशात मनालीहून स्पितीच्या खोऱ्यातील काझा गावी जाणारी वाट देशभरच्या मोटारसायकलस्वारांना परिचित आहे. अंतर २०० किलोमीटरांच्या आसपास. २०२० साली खुल्या झालेल्या अटल बोगद्यामुळे रोहतांग खिंड टाळून पलीकडे उतरता येते. त्यानंतर ग्रांफूहून चंद्रा नदीच्या काठाने छत्रू आणि बातल, पुढे साडेचार हजार मीटरांहून उंच असलेली कुंझुम खिंड, आणि तेथून लोसरमार्गे काझा, असा हा क्रम आहे.

या एका वाटेवर किती प्रकारची जमीन भेटते ते पाहा. मनालीपर्यंत पोहोचण्यासाठी आणि पुढे बोगद्यापलीकडेही डांबरी घाटरस्ता, त्याच्या एका अंगाला दरी. चंद्रेच्या काठी नदीने घासून गोल केलेले दगडगोटे व सुटी रेव. ठिकठिकाणी वाटेवरूनच वाहणारे नाले. दुपारी उन्हाने बर्फ वितळले की त्यांचे पाणी चढते. नाल्यांच्या दोन्ही काठांना चिखल. खिंडीच्या चढावर भुरभुरीत माती.

येथे टायर निवडताना सामान्य माणूस असा विचार करतो की कोणती जमीन सर्वांत अधिक अवघड आहे? चिखल आणि गोटे. मग चिखलासाठी उंच ठोकळ्यांचा टायर घ्यावा. दुसरा म्हणतो, कोणत्या जमिनीवर सर्वांत अधिक अंतर कापावयाचे आहे? डांबर. मग रस्त्याचाच टायर पुरे. दोन्ही विचार अपुरे आहेत. विचारावयाचा प्रश्न तिसराच आहे : घसरलो तर सर्वांत अधिक नुकसान कोठे होईल?

चिखलात गाडी ताशी दहा-पंधरा किलोमीटर वेगाने जात असते. तेथे ती आडवी झाली तर बहुधा कपडे भिजतात आणि आरसा फुटतो. ओल्या डांबरी वळणावर वेग त्याच्या तिप्पट-चौपट असतो आणि गतिजन्य शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तेथील आघात नऊ ते सोळापट मोठा. बाजूला दरी असेल तर पुढचे सांगावयास नको. म्हणून या वाटेसाठी केवळ चिखलाचा टायर घेणे शहाणपणाचे नव्हे. उलट निव्वळ रस्त्याचा टायर घेतला तर नाल्याच्या पाण्यात, जेथे तळ दिसत नाही आणि प्रवाह चाकाला ढकलीत असतो, तेथे पकड सुटून गाडी प्रवाहात पडण्याचा धोका आहे. बर्फाचे पाणी आणि विरळ हवा यांच्या सोबतीने हा धोकाही लहान मानता येणार नाही.

तेव्हा येथे ठोकळ्यांचा पण मधल्या वर्गाचा, डांबरावर चालविण्यास मान्यता असलेला टायर योग्य ठरतो. त्याच्या मध्यभागी ठोकळे जरा दाट असावेत, म्हणजे सरळ रस्त्यावर रबर पुरेसे टेकते. आणि कडेला ते सुटे असावेत, म्हणजे मऊ मातीत कडा शिरतात. डांबरावर वेग बेताने ठेवावा, रेतीच्या वाटेवर दाब उतरवावा. टायरचे उणेपण चालकाच्या संयमाने भरून काढावयाचे असते, हे मिश्र वाटेचे पहिले सूत्र होय.

या वाटेवर आणखी एक शास्त्रीय गोष्ट घडते. दाबमापक जो आकडा दाखवितो तो टायरमधील आणि बाहेरील हवेच्या दाबांमधला फरक असतो. मनाली सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. तेथून कुंझुमपर्यंत चढताना बाहेरील हवेचा दाब दर चौरस इंचाला सुमारे ३ पौंडांनी कमी होतो, म्हणून आतील हवा तेवढीच असूनही टायर तितका अधिक फुगलेला भासतो. वरच्या थंडीमुळे आतील दाब उतरतो आणि ही वाढ बऱ्याच अंशी भरून निघते. पण दुपारच्या उन्हात आणि पहाटेच्या गारठ्यात हिशेब निराळा होतो. म्हणून उंचीवर गेल्यावर दाब पुन्हा मोजून पाहावा. तो सकाळी, टायर थंड असताना मोजणे सर्वांत चांगले.

पुढचे चाक आणि मागचे चाक

दोन्ही चाकांना एकच टायर हवा असा नियम नाही. दोघांची कामे निराळी आहेत. मागचे चाक गाडीला ढकलते. ते घसरले तर गाडीचा मागचा भाग बाजूला सरकतो. पण चालकाला तोल सावरण्यास थोडा अवधी मिळतो. पुढचे चाक दिशा देते आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलते. ते एकदा घसरले की गाडी बहुधा सावरत नाही. म्हणून मिश्र वाटांवर जाणारे अनुभवी चालक पुष्कळदा पुढे जरा अधिक सुट्या व टोकदार ठोकळ्यांचा आणि मागे जरा दाट ठोकळ्यांचा टायर बसवितात. मागचा टायर इंजिनाच्या जोराने लवकर झिजतो, तेव्हा तो दाट असणे खर्चाच्या दृष्टीनेही सोयीचे पडते.

रानवाटेच्या गाड्यांचे पुढचे चाक मोठे, बहुधा २१ इंचांचे, आणि मागचे १८ किंवा १९ इंचांचे असते. मोठे चाक दगडावर कमी तिरकसपणे आदळते आणि त्यावरून सुलभपणे चढून जाते. बैलगाडीची उंच चाके खड्डे सहज ओलांडतात, त्यामागचे कारण हेच.

टायरवरची अक्षरे

टायरच्या बाजूवर छापलेली अक्षरे वाचता आली तर दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्याची पाळी येत नाही. ‘८०/१००-२१ ५१ एम’ असे लिहिलेले आहे असे समजू. ८० ही टायरची रुंदी मिलिमीटरांत. १०० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या १०० टक्के. २१ हा रिमचा व्यास इंचांत. ५१ हा भाराचा संकेतांक असून तो १९५ किलोग्रॅम दर्शवितो. ‘एम’ हे वेगाचे चिन्ह असून त्याची मर्यादा ताशी १३० किलोमीटर आहे. यांशिवाय बाजूवर बाण असल्यास चाक फिरण्याची दिशा त्याने दाखविली जाते. चार अंकांचा एक आकडाही असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेले रबर कडक होते आणि नवे दिसत असूनही धरत नाही. म्हणून हा आकडा आवर्जून पाहावा.

एक खूण मात्र कधीही दुर्लक्षू नये. शर्यतीसाठी बनविलेल्या काही टायरांवर ‘एनएचएस’ ही तीन अक्षरे असतात. हा टायर सार्वजनिक रस्त्यासाठी नाही, असा त्यांचा अर्थ. स्वस्त मिळाला म्हणून किंवा दिसण्यास रुबाबदार आहे म्हणून असा टायर रोजच्या गाडीला लावणे म्हणजे पहिल्याच ओल्या वळणावर संकटाला निमंत्रण देणे होय.

निवडीचा क्रम

आतापर्यंतच्या विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात असे सांगता येईल. प्रथम वाटेवरील सर्व प्रकारच्या जमिनी लिहून काढाव्यात, घरापासून तेथपर्यंतचा रस्ताही त्यांत धरावा. प्रत्येकीवर आपला वेग काय असेल आणि घसरल्यास काय होईल याचा विचार करावा. ज्या ठिकाणी किंमत सर्वांत मोठी त्या ठिकाणी टायर नापास होता कामा नये. उरलेल्या ठिकाणी तो कामापुरता चालला तरी पुरे. मग पुढच्या चाकाची निवड आधी आणि मागच्याची नंतर करावी. आकार, भार आणि वेगाची मर्यादा गाडीस अनुरूप आहे याची खात्री करून घ्यावी. शेवटी दाबमापक आणि हातपंप विकत घ्यावा, कारण त्यांच्याविना उत्तम टायरही अर्धाच उपयोगी पडतो.

टायर मातीला धरतो तेव्हा तो मातीला तोडतही असतो, ही गोष्ट सहसा कोणी हिशेबात घेत नाही. उंच ठोकळ्यांचे चाक गरगर फिरू लागले की ते गवताची मुळे उपटते, वाटेवर चर पाडते, आणि पुढच्या पावसात त्या चरातून पाणी माती वाहून नेते. आंतरराष्ट्रीय एंड्यूरो स्पर्धांच्या नियमांत मागील टायरच्या ठोकळ्यांची उंची १३ मिलिमीटरांपुरती मर्यादित केलेली आहे. स्पितीसारख्या थंड आणि कोरड्या प्रदेशात उखडलेले गवत पुन्हा रुजण्यास दीर्घ काळ लागतो. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पायवाटेला पावसाळ्यात पडलेला एक चर पुढे ओहोळ बनतो. गरजेहून अधिक दातेरी टायर न घेणे आणि चाक गरगर न फिरविता हळुवार जोराने चढ चढणे, यांत चालकाचीही सुरक्षितता आहे आणि वाटेचीही. आपल्यामागून येणाऱ्याला, मग तो मोटारसायकलवर असो, खेचरावर असो की पायी असो, त्याच वाटेने जावयाचे आहे.